पहाटे पाचला उठणं जमत नाही, मग विश्वासात वाढायचं कसं?

ताई, जय ख्रिस्त.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही नगर जिल्ह्यात मिशनच्या वसतिगृहात वाढलात, तरुण संघात होता. पहाटे पाचची घंटा, मग प्रार्थना, रात्री शास्त्रपाठ. आता राहायला कोपरखैरणे, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. मुलं नऊ आणि पाच वर्षांची, सासूबाई सोबत असतात. मिस्टर रविवारी उपासनेला येतात, पण घरी प्रार्थनेला बसत नाहीत. दर जानेवारीत वर्षभरात बायबल वाचून काढायचं ठरवता आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकता. पहाटेचा गजर लावता आणि बंद करून झोपता. "मी वाढत तर नाहीच, उलट मागे चाललेय, नेमक्या कोणत्या सवयी लावू?" असं तुम्ही विचारलंय. वाचनाची योजना परत पहिल्यापासून सुरू करू का, असंही शेवटी आहे.

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या चर्च-मंडळ्यांमध्ये बरीच वर्षं पाळक म्हणून काम केलंय. घरभेटींना गेलो की चहा झाल्यावर, निघता निघता, दारात चप्पल घालताना हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यातल्या बहुतेक पहाटेपासून राबत असतात.

माझ्या मते तुमची अडचण इच्छाशक्तीची नाही. वसतिगृहात घंटा दुसरं कोणीतरी वाजवायचं, भाकरी दुसरं कोणीतरी थापायचं आणि प्रार्थनेला बसलं नाही तर वॉर्डनबाई विचारायच्या. ती सवय त्या घराची होती, तुम्ही तिच्यात राहत होता. आता घंटा वाजवणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या आणि विचारणाऱ्याही तुम्हीच. तिथलं वेळापत्रक इथं आणून बसवायचा प्रयत्न चाललाय, ते बसत नाही, आणि त्याला तुम्ही विश्वासाची घसरण म्हणताय. माझा सल्ला असा की जुनी सवय परत आणायच्या मागे लागू नका. आत्ताच्या दिवसात जे आपोआप घडतंच, त्याला चिकटून राहील एवढी छोटी सवय धरा.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची शिफ्ट बदलती आहे का, सासूबाई विश्वासी आहेत का, एक खोली आहे की दोन, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर रोजची मिस्सा आणि रोझरी हा तयार रस्ता हाताशी आहे. तुमच्या लिहिण्यावरून प्रोटेस्टंट मंडळीतल्या वाटता, म्हणून मी त्या अंगाने लिहितो. तुम्हाला न बसणारं सोडून द्या.

आधी पहाटेचं निकालात काढू. पहाटेच उठलं पाहिजे हे आपल्याकडे उपदेशांतून इतकं ठसवलंय की लोकांना ती आज्ञाच वाटते. आधार मार्कच्या पहिल्या अध्यायाचा, ३५ वं वचन, येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला. बरोबर आहे. पण लूकच्या सहाव्या अध्यायात तोच येशू रात्रभर प्रार्थना करतो. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. प्रेषितांची कृत्ये दहाव्या अध्यायात यापोला पेत्र भर दुपारी धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, प्रार्थनेला गेला, आणि तेव्हा त्याला भूकही लागली होती, असं लिहिलंय. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते. चोवीस तासांतली जवळजवळ प्रत्येक वेळ कोणी ना कोणी वापरलेली आहे. साडेअकराला भांडी आवरून झोपणाऱ्या बाईने पाचला उठून तासभर बसावं असं शास्त्र कुठेही सांगत नाही. झोप पुरी न झालेली आई मुलांवर ओरडते, आणि मग त्याचाही पश्चात्ताप करायचा.

तुमच्याकडे वेळ आहे तो ट्रेनमध्ये. कोपरखैरणे ते ठाणे, मध्ये घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव. मोठा प्रवास नाही, गर्दीत पुस्तक उघडता येत नाही आणि एका हाताने दांडी धरलेली असताना मोबाइलही नको वाटतो. यावर उपाय आपल्या लोकलमधल्या भजनी मंडळांकडे बघून सापडतो. त्यांचा डबा ठरलेला, गाडी ठरलेली, हातात पुस्तक नाही, सगळं पाठ. कोणाचा मूड आहे की नाही याची चौकशी होत नाही, गाडी सुटली की सुरू. धर्म वेगळा असेल, पण सवय कशी टिकते हे त्यांना आपल्यापेक्षा नीट समजलंय असं माझं मत आहे.

तुम्ही एक स्तोत्र पाठ करा. महिन्याला एक पुरे. मी नेहमी १३ व्यापासून सुरुवात करायला सांगतो, कारण ते सहाच वचनांचं आहे आणि थकलेल्या माणसाचं आहे. ते कसं वापरायचं ते जरा तपशिलात सांगतो.

पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चारदा विचारतो, कोठवर? तू मला विसरणार, तू तोंड लपवणार, मी मनात झुरत राहणार, वैरी माझ्यावर वरचढ राहणार, कोठवर? घणसोली येईपर्यंत इथंच थांबा. तुमचा स्वतःचा 'कोठवर' त्यात घाला. सासूबाईंचं दुखणं, होम लोनचा हप्ता, मिस्टरांचं गप्प राहणं, जे असेल ते नाव घेऊन. देवापुढे तक्रार करायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. स्तुतीने सुरुवात झाली नाही तर प्रार्थना वरपर्यंत जाणार नाही, असं काहीतरी डोक्यात असतं. पण ही तक्रार शास्त्रातच छापलेली आहे, ती मंडळीत गायली गेलेली आहे. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ. मागणं एकच ठेवा, आजच्या दिवसाचं. मग पाचव्या-सहाव्या वचनात तो म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय, मी गाईन. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थितीत काही बदल झाल्याचं कुठेही सांगितलेलं नाही. वैरी तिथंच आहे. भरवसा आधी येतो. हा भाग ऐरोली सुटल्यावर म्हणा. त्या दिवशी तो खरा वाटला नाही तरी म्हणा, दाविदाच्या भरवशावर उसना घेऊन म्हणा.

एखाद्या दिवशी बसायला जागा मिळते आणि झोप लागते. लागू द्या.

स्तोत्रं फिरवून वाचण्याची रीत फार जुनी आहे. अँग्लिकन परंपरेच्या प्रार्थनापुस्तकात सगळी १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. पुढेमागे जमलं तर तसं करा. आणि शास्त्र पाठ असण्याला कमी लेखू नका. मिशनरी विल्यम कॅरींच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला. त्याच्याही आधी आणि त्याच्यानंतरही बराच काळ बहुतेक ख्रिस्ती माणसांकडे स्वतःचं बायबल नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ते शास्त्र ऐकायचे, गायचे, घोकायचे. रोज सकाळी एकट्याने उघडलेलं बायबल, वही आणि रंगीत पेन हे फार अलीकडचं चित्र आहे. छान आहे, पण तेच एक चित्र नाही. आमच्या जुन्या आज्यांना अक्षर कळत नव्हतं, पण नारायण वामन टिळकांची भजनं कडव्यांसकट पाठ असायची आणि चुलीपुढे तीच त्यांची उपासना असायची. ते भजन भाकरी थापताना तुम्हालाही येत असेल. ते प्रार्थनेत धरा, फुकट घालवू नका.

दुसरी सवय रात्रीची, पाच मिनिटांची. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताने ही रीत नीट बांधून दिली आणि त्याच्या संघाचे जेझुइट लोक आजही ती पाळतात. ती चांगली आहे, त्यामुळे पंथाचा मुद्दा मी मध्ये आणत नाही. दिवा मालवल्यावर पडल्या पडल्या दिवस सुरुवातीपासून डोळ्यांपुढून न्यायचा. आधी ज्याबद्दल आभार मानायचेत ते. मग देवाला म्हणायचं, मला नीट दिसू दे. मग कुठे चुकले, कुठे कृपा मिळाली पण मी बघितलीच नाही, हे पाहायचं. क्षमा मागायची आणि उद्याची एकच गोष्ट त्याच्या हातात द्यायची. यात मोघम बोलायचं नाही, एवढा एकच नियम मी घालतो. "प्रभू, मी पापी आहे" असं म्हणून झोपणं फार सोपं आहे. "दुपारी कामवाल्या ताईंनी सुट्टी मागितली तेव्हा मी ज्या सुरात बोलले तो सूर" हे म्हणायला अवघड जातं. बदल मात्र तिथूनच सुरू होतो, कारण सकाळी दार उघडल्यावर त्याच ताई समोर उभ्या असतात.

म्हणजे आत्तापर्यंत दोनच गोष्टी झाल्या: गाडीत एक स्तोत्र, रात्री पाच मिनिटं. दोन-तीन महिने याच्यावर काही चढवू नका.

एकांताची जागा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लावून घे. सिडकोच्या वन आरकेमध्ये कोणती खोली आणि कोणतं दार? लोकांनी शोधलेल्या जागा मी पाहिल्यात. जिन्याचा शेवटचा टप्पा, बाथरूम, सोसायटीची गच्ची. गच्चीला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, तेव्हा पेत्राचं धाबं प्रत्येकाच्या नशिबी नाही. ऑफिसच्या दिवशी वेळ मिळाला तर ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन बाप्टिस्टचं पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे. उघडं असलं की मागच्या बाकावर बसा. तुम्ही कोणत्या मंडळीच्या, हे शांतपणे बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आता घरच्यांचं. मिस्टर बसत नाहीत याचा त्रास तुमच्या प्रश्नात ओळीओळीत दिसतो. त्यांना बसवायचा प्रयत्न सध्या थांबवा. कौटुंबिक प्रार्थना म्हणजे अर्धा तास, तीन गाणी, अध्याय आणि लांब प्रार्थना, असं असेल तर दिवसभर राबून आलेला माणूस टीव्हीकडेच जाणार. ती जेवणाच्या ताटावर आणा. सगळे बसलेलेच असतात. नऊ वर्षांच्या मुलाने एक वचन वाचायचं, धाकटीने किंवा धाकट्याने आज कोणासाठी प्रार्थना करायची ते नाव सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वरण गार व्हायच्या आत संपलं पाहिजे. घणसोलीच्या एका घरात मी जेवायला होतो, तिथल्या लहान मुलाने वॉचमन काकांचं नाव घेतलं, कारण त्यांच्या पायाला प्लास्टर होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरातून वॉचमनसाठी डबा गेला आणि तो घेऊन गेले ते कधीच प्रार्थनेला न बसणारे वडील. तुमच्याकडे असंच होईल असं वचन मी देत नाही. पण मुलांना प्रार्थनेत खरी नावं घेऊ दिली की प्रार्थना ताटापाशी थांबत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

सासूबाई दुसऱ्या श्रद्धेच्या असतील तर त्यांच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करून काही सिद्ध करू नका. त्यांच्या औषधाच्या वेळा चुकवू नका, बस.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोक लगेच तिकडे वळतात म्हणून दोन शब्द. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, एखादं जेवण सोडून ते पैसे कोणाला तरी देणं चांगलं. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मोबाइलचा उपास कोणी सुचवला तर तो जास्त अवघड जातो हे लक्षात ठेवून हो म्हणा.

रविवारची उपासना सोडू नका, प्रभुभोजन चुकवू नका. आणि आठवड्यात एक माणूस शोधा जिला तुम्ही खरं सांगू शकाल. महिला मंडळातली एखादी वयाने मोठी बाई असेल तर उत्तम. बारा जणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "प्रार्थना करा" लिहिणं वेगळं आणि मंगळवारी फोन करून "काल मी पुन्हा ओरडले" असं एकीला सांगणं वेगळं. एकट्याने लावलेल्या सवयी मी फार काळ टिकताना पाहिलेल्या नाहीत. कोणीतरी विचारणारं लागतं. वसतिगृहातून एक गोष्ट इथं आणायचीच असेल तर विचारणाऱ्या वॉर्डनबाई आणा, घंटा नको.

आता वाढ मोजायची कशी? तुम्ही ती वाचलेल्या अध्यायांनी आणि चुकलेल्या गजरांनी मोजताय. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश, हजेरीपट चोख. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याला छाती बडवण्यापलीकडे काही सुचलं नाही. येशू उपासाला किंवा दशमांशाला नावं ठेवत नाही, त्यांचा हिशेब देवापुढे मांडण्याला ठेवतो. सवयीने कृपा विकत घेता येत नाही. कृपा आधीच दिलेली आहे, सवयीमुळे आपण तिच्या वाटेत उभे राहतो. गजर चुकला म्हणून देव तुमच्यापासून लांब गेला, हे गणित परूश्याचं आहे. तुम्ही ते स्वतःच्या विरुद्ध वापरताय, एवढाच फरक.

मोजायचंच असेल तर गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळांची यादी घ्या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं जवळजवळ प्रत्येक फळ दुसऱ्या माणसाशी वागताना दिसतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढतो तेव्हा तुमची सहनशीलता किती, हे कोणत्याही अ‍ॅपवर टिक करता येत नाही. आणि ती आपली आपल्याला दिसतही नाही. वर्षभराने त्या फोनवरच्या बाईला विचारा, किंवा धीर असेल तर नऊ वर्षांच्या मुलाला.

कोरडे दिवस येतील. स्तोत्र म्हणताय आणि आत काही हलत नाही, असं आठवडेच्या आठवडे जाईल. तो विश्वास संपल्याचा पुरावा नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही, तरीही ते शास्त्रात ठेवलेलं आहे. अशा वेळी नवी सवय लावू नका, असलेली छोटी करा, प्रभूच्या प्रार्थनेवर या. मात्र झोप उडाली, जेवण जात नाही, रडू आवरत नाही, कशातच मन लागत नाही, असं सलग चालू राहिलं तर डॉक्टरांकडे जा. नैराश्याला "प्रार्थनेत कमी पडताय" असं म्हणणाऱ्यांशी मी मंडळीत उघडपणे भांडलोय आणि पुढेही भांडेन. गोळी घेऊनही प्रार्थना होते.

राहिली तुमची वाचनाची योजना. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. आपल्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचं तर रोजचे सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० होईपर्यंत जानेवारी संपतो, आणि फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असताना समोर लेवीय येतं. तिथं थांबणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मार्कपासून सुरू करा, १६ च अध्याय आहेत. रविवारी दुपारी एक अध्याय वाचा आणि आठवडाभर तोच डोक्यात घोळू द्या. लेवीय टाळू मात्र नका, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा त्याच्याच १९ व्या अध्यायात आहे. ते एकटीने वाचायचं पुस्तक नाही, एवढंच. तुमच्या पाळकांना सांगा की घरसभेत लेवीय १६ आणि इब्री ९ शेजारी शेजारी ठेवून शिकवा. तयारीला त्यांना दोन-तीन आठवडे लागतील, तोवर तुमचा मार्क निम्म्यावरही आलेला नसेल, आणि घाई नाही.